एम दिसत नाही

"अक्का, एम दिसत नाही."

आगळवाडीचा फोन होता. सकाळचे रिपोर्ट छापून झाले होते आणि मी डबा उघडून थालीपिठाची कड मोडत होते.

"दिसत नाही म्हणजे? मघाशी तर पेशंटची नावं चढवलीस की तू."

"मघाशी दिसत होता. आता नाही दिसत."

"बंद करून परत उघड."

"केलं. दोनदा केलं." वैजू म्हणाली. "आणि सी भरलाय, अक्का. पार भरलाय. आता त्यात काही मावत नाही."

तिच्या मागं कुणीतरी खाकरलं. बाप्याचं खाकरणं.

आता हे सी आणि एम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मिरजेत आमची रक्त तपासायची लॅब होती आणि आसपासच्या गावांत तिची सेंटरं. गावात रक्त घ्यायचं, बर्फाच्या पेटीत घालून जीपनं मिरजेला पाठवायचं, आणि रिपोर्ट ज्याच्या त्याच्या गावात छापून द्यायचा. गावातल्या पोरी आपापल्या कम्प्युटरपुढं बसायच्या, पण काम सगळं चालायचं मिरजेच्या मोठ्या मशीनवर, सर्व्हरवर. फोनच्या तारेतनं त्यांना नुसता पडदा दिसायचा. खिडकीतनं हात घालून शेजारणीच्या चुलीवर भाकरी भाजावी, तसं. आणि ती चूल माझ्या ताब्यात.

कम्प्युटरच्या कप्प्यांना अक्षरांची नावं असतात. पहिला मोठा कप्पा सी. गंमत अशी, की पोरींच्या मशीनलाही सी आणि माझ्या सर्व्हरलाही सी. पडद्यावर दोन्ही शेजारी शेजारी. एका सेंटरवरच्या बहाद्दरानं आपला सी समजून मेव्हण्याच्या लग्नाचे फोटो माझ्या सीमध्ये ओतले. तीन दिवस तारेतनं वरात चालली होती. नुसत्या भटजींचेच ऐंशी फोटो. सर्व्हरचं पोट गच्च झालं, आणि पाच तालुक्यांतल्या माणसांची साखर आत अडकून बसली. लोक म्हणतात मी वाढवून सांगते. बरं, भटजींचे साठ असतील.

नवा सर्व्हर आला तेव्हा मी हट्टालाच पेटले. मशीन कोरं असतं तेव्हाच अक्षरं बदलून घ्यायची. एकदा संसार मांडला आणि मग बदललं, तर आतल्या कुणाला कुणाचा पत्ता लागत नाही. म्हणून काहीही भरायच्या आधी मी सर्व्हरच्या सीचं नाव एम करून टाकलं. आता सी म्हणजे पोरगी बसलीय तिथला, तिच्या मशीनचा. एम म्हणजे मिरजेच्या सर्व्हरचा. रोज संध्याकाळी मी नक्कल काढून ठेवायची ती फक्त एमची. सीवरचं गेलं तर गेलं, ते आणायला मी देव नव्हते.

एवढं साधं, पण पोरींच्या डोक्यात बसेना. मग शिकवणीला सगळ्या मिरजेला आल्या तेव्हा मी म्हटलं, "नीट ऐका गं. सी म्हणजे सासर, एम म्हणजे माहेर. बसायचं सीवर, पण जिवाचं जे काही असेल ते एमवर ठेवायचं. सासरी हरवलेलं कुणी शोधून देत नाही."

पोरी खो खो हसल्या. त्यानंतर एकीचीही चूक झाली नाही.

वैजू, म्हणजे वैजयंता, तेवढी हसली नव्हती. आगळवाडीचं सेंटर तिच्या सासऱ्यांनी घेतलेलं, तात्यांनी. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, आणि मशीनपुढं सून. बावीस-तेवीसची असेल. भर चैत्रात लांब बाह्यांचं पोलकं घालून आलेली. जेवणाच्या सुट्टीत बेसिनवर हात धुताना बाही वर सरकली. मी बघितलं, आणि मी बघितलेलं तिनं बघितलं.

"भाकरीच्या तव्याचं आहे," ती म्हणाली.

तव्याला बोटं नसतात. तिच्या दंडावर चार होती, पाचवं मागच्या अंगाला.

तेव्हापासून तिचा फोन आला की मी कामाचं बोलून झाल्यावरही ठेवायचे नाही. एकदा विचारलं, "माहेरी का जात नाहीस गं?" तर म्हणाली, "जाऊन आले." एवढंच. मध्ये बाळंत झाली, मुलगी झाली, पंधरवड्यात परत मशीनपुढं. पुढं पुढं म्हणायला लागली, "अक्का, मोठ्यानं बोला, एका कानानं ऐकू येत नाही मला." ह्या पोरीला एक दिवस ती माणसं मारणार, हे मला माझ्या घराचा पत्ता माहीत असावा तसं माहीत झालं होतं. करायचं काय, तेवढं माहीत नव्हतं.

तर त्या दिवशी फोनवर ती म्हणत होती, एम दिसत नाही, सी भरलाय.

मला माझ्या खुर्चीवरून पोरींच्या पडद्यात डोकावता यायचं. कुणाचं अडलं की मी तिच्या पडद्यात शिरायची आणि इकडून बाण हलवून दाखवायची. मी आगळवाडीच्या पडद्यात शिरले. एम होता की. जागच्या जागी, ठणठणीत. तिनंच पावणेअकराला चढवलेला पेशंट त्यात दिसत होता. आणि सी? सी अर्ध्याहून जास्त रिकामा.

मी म्हणणार होते, अगं डोळे तपासून घे. तेवढ्यात पडद्यावरचा बाण हलला. तो एमवर गेला आणि तिथं नुसता थरथरत राहिला.

थालीपीठ माझ्या हातातच राहिलं.

"वैजू, शेजारी कोण आहे?"

"हो अक्का, हे आहेत ना. बघतायत."

धनाजी. तिचा नवरा. म्हणजे पडदा त्याच्याही डोळ्यापुढं, तिथं काही लिहून चालायचं नव्हतं.

"सी किती दिवस भरलाय?"

"बरेच दिवस. पण आता एमवर न्यायलाच पाहिजे."

"काय काय न्यायचं?"

"सगळंच. बारकी फाइलपण आहे एक. ती आधी."

"उद्या चालेल का?"

"उद्या नाही, अक्का." आवाज अगदी सपाट, भाजीचा भाव सांगावा तसा. "हे म्हणतायत, उद्या फॉरमॅट मारायचा."

फॉरमॅट म्हणजे कप्पा पुसून कोरा करणं. त्यात काय होतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मागून धनाजी म्हणाला, "मी कधी म्हणालो फारमॅट?"

"म्हणालात की मघाशी. मशीन लई हळू चालतंय म्हणून," वैजू म्हणाली. आणि मला, "अक्का, माणूस पाठवताय का?"

"मीच येते," मी म्हटलं. "काही हलवू नकोस तोवर."

दुपारी दस्तगीरची जीप आगळवाडीच्या बाजूनं पेट्या गोळा करायला जायची. मी डॉक्टरांना सांगितलं, आगळवाडीच्या मशीनला आतनं वाळवी लागलीय, बघून येते. डॉक्टर म्हणाले, "कम्प्युटरला वाळवी?" मी म्हटलं, "पांढरी. पत्र्यातली." आणि ते पुढं काही विचारायच्या आत जीपमध्ये बसले.

दस्तगीर आमचा जुना ड्रायव्हर. त्याच्या घराण्यात तंबोऱ्याचे भोपळे कोरायचा धंदा, ह्यानं तेवढं स्टिअरिंग धरलेलं. मी एकदा त्याला सांगितलं होतं की माझी पणजी एका भोपळ्यात बसून पुरात कृष्णा ओलांडून गेली, वर गातही होती. तेव्हापासून तो माझ्या कुठल्याच बोलण्यावर मान हलवायचा नाही.

"आमची बायको म्हणते, अक्कांचं अर्धं सोडायचं, आणि राहिलेल्यातलं अर्धं धरायचं," तो म्हणाला. "आज काय धरू?"

"आज सगळं धर," मी म्हटलं आणि त्याला सांगितलं.

त्यानं गिअर बदलला. मग म्हणाला, "पोलिसांत जायचं का सरळ?"

"जाऊन काय सांगू? सी भरलाय म्हणाली आणि मी बघितला तर अर्धा रिकामा आहे, म्हणून तिला मारणार आहेत? मलाच आत बसवतील. आणि तिथला पोलीसपाटील तात्यांचा चुलतभाऊ."

"मग?"

"मग थाप मारायची."

दस्तगीरनं पहिल्यांदाच वळून माझ्याकडं बघितलं. "मारा अक्का. पण आज भोपळा नको."

आगळवाडीत पोचलो तेव्हा तात्या सेंटरच्या पायरीवर पान लावत बसले होते. जाडजूड माणूस, धोतर पांढरं फेक. "या या बाई. आज खुद्द तुमी?" आत वैजू मशीनपुढं, पदर डाव्या गालावर ओढलेला. मांडीवर पोर झोपलेलं. धनाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मीही नाही.

मी मशीनच्या मागं गेले, दोन वायरी उपसल्या, परत खोचल्या, आणि मोठा उसासा टाकला.

"तात्या, काम वाढलं की हो."

"काय झालं?"

"तुमच्या मशीनची अक्षरं फिरलीत. सीचा एम व्हायला लागलाय. ती मिरजेत बसून बदलून घ्यायला पाहिजेत, आणि ज्याच्या नावानं मशीन उघडतं तो माणूस सर्व्हरपुढं हजर लागतो. बँकेत खातेदार लागतो तसं. तुमच्याकडं सुनेचं नाव आहे."

"आन न्हाई बदलली तर?"

"तर तुमचं सेंटर आगळवाडीत दिसायचंच बंद होईल. चिकोडीत दिसेल. गेल्या महिन्यात एकाचं झालं तसं. रक्त घेतलं त्यांच्या गावच्या मास्तरांचं, आणि रिपोर्ट निघाला चिकोडीतल्या म्हशीचा. मास्तर पाच महिन्यांचे गाभण. त्यांच्या बायकोनं दोन दिवस घरात घेतलं नाही."

तात्यांचा चुना लावणारा अंगठा थांबला. हसावं का घाबरावं ते त्यांना कळेना, आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

"मी जातो की बरोबर," धनाजी चौकटीवरनं म्हणाला.

"चला की. सेंटर बंद ठेवू या दोन दिवस. उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांना तात्या सांगतील, परवा या म्हणून."

तात्यांनी पानाची घडी घातली. गिऱ्हाईक परत पाठवायचं म्हटल्यावर त्यांचा हिशोब झाला. "तू ऱ्हा रं. तुला एका बोटानं का हुईना, यतंय." मग सुनेकडं न बघताच म्हणाले, "जाऊ दे तिला. पोर हितंच ऱ्हाईल. म्हंजी उद्या येळंवर परत यील."

वैजूचा हात पोराच्या पाठीवर होता. तो तसाच राहिला, फक्त बोटं पांढरी झाली. मला कळलं, ही आता उठायची नाही. पोर सोडून ती दाराबाहेर पाय टाकायची नाही, मग उद्या जे व्हायचं ते इथंच होणार.

मी आयुष्यात थापा पुष्कळ मारल्या, पण ती थाप माझ्या तोंडून कशी निघाली मला माहीत नाही.

"तेही सांगायचं होतं, तात्या. बाळाचा रिपोर्ट आलाय. चांगला नाही."

"कसला रिपोर्ट?"

"टोचायला नेलं होतं ना, तेव्हा रक्त घेतलं होतं. रक्तात दोष निघालाय. मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील."

म्हणताना मला धाकधूक. वाटलं, आता सगळं घर उठेल, कागद दाखवा म्हणतील, आम्हीपण येतो म्हणतील, जीपमध्ये चढतील. नातवंड आहे शेवटी. माझ्या डोक्यात पुढच्या चार थापा रांगेत उभ्या होत्या.

एकही लागली नाही. आतनं सासूबाईंचा आवाज आला. पडद्यामागं त्या शेंगा फोडत होत्या, फोडायच्या थांबल्याही नाहीत.

"पोरीवर कोण खर्च करत बसतंय? घिऊन जावा म्हनावं. बरी झाली तर झाली."

तात्यांनी पान तोंडात टाकलं. "न्या," ते म्हणाले.

मी वैजूकडं बघितलं. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. खरं म्हणजे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण मला घाई होती. तिनं पोर उचललं, दोरीवरची दोन लंगोटं ओढली, आणि चप्पल न घालताच जीपमध्ये येऊन बसली. धनाजी जीपच्या दांडीला धरून उभा राहिला.

"उद्या परत," तो म्हणाला. मला नाही, तिला.

"हो," ती म्हणाली.

दस्तगीरनं गाडी अशी काढली की दांडी धनाजीच्या हातातनं निसटली.

गाव मागं पडलं. दोन्हीकडं डाळिंबाच्या बागा, रस्ता खडबडीत, मागं बर्फाच्या पेट्या एकमेकींवर आपटत होत्या. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर हसेल. ती पोराच्या पापण्या बोटानं उलटून बघत होती. मग नखं बघितली. मग कान छातीला लावला, उजवा.

"अक्का, काय निघालं रक्तात?"

"अगं काही नाही. थाप होती."

"मला सांगा. मी आई आहे तिची."

"वैजू, थाप होती गं. तिचं रक्त मी कधी बघितलंही नाही. तिला तुझ्याबरोबर काढायची होती ना."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. पदर वाऱ्यानं सरकला होता. डावा कान सुजून गालात मिसळला होता, त्याला कानाचा आकार राहिला नव्हता.

"तुम्ही तिथं थाप मारली," ती हळू म्हणाली, "का आता मारताय? मी घाबरू नये म्हणून?"

सगळ्या जिल्ह्याला हसवलं होतं मी. लग्नाच्या वरातीपासून गाभण मास्तरांपर्यंत. आणि आता एक साधं खरं वाक्य माझ्या तोंडून त्या पोरीला खरं वाटत नव्हतं.

मग दस्तगीर बोलला. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ताई, येताना जीपमध्ये बसून अक्का मला म्हणाल्या, थाप मारायची. पोर ठणठणीत आहे तुमची. माझ्या पोरांची शपथ."

तेव्हा तिनं पोर छातीशी घेतलं आणि पदरात गुंडाळलं.

"फॉरमॅट म्हणालीस," मी तिच्या उजव्या कानाशी म्हटलं. "तुला कसं कळलं?"

"रॉकेल आणलंय परवा. कॅन भरून. घरात गॅस आहे, अक्का, दिवे विजेचे आहेत. रॉकेल न्हाणीच्या मागं ठेवलंय. कशाला, ते मी विचारलं नाही. आणि काल सासूबाई म्हणाल्या, उद्यापास्नं तू आतल्या खोलीत निजायचं, पोरीला माझ्याजवळ दे."

दस्तगीरनं कवठ्याच्या फाट्यावर गाडी हळू केली. एक रस्ता मिरजेकडं, एक डावीकडं. "अक्का, डावीकडंच ना? ताईंचं माहेर त्याच बाजूला. तुम्ही म्हणालात, माहेरी सोडायचंय."

"हो, घे डावीकडं."

"नको," वैजू म्हणाली.

"अगं, एमवर न्या म्हणालीस ना तू? म्हणून तर मी निघाले. एम म्हणजे माहेर."

"ते तुमचं, अक्का. तुम्ही शिकवलेलं." तिनं माझ्या दंडाला धरलं. "माझे अण्णा मला दोनदा परत सोडून आलेत. पहिल्यांदा मोटारसायकलवर बसवून. दुसऱ्यांदा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून एसटीनं. खिडकीची जागा धरून दिली, केळी घेऊन दिली, आणि उतरताना तात्यांना म्हणाले, पोर अवखळ आहे, सांभाळून घ्या. आता सोडलंत तर उद्या उजाडताना तेच आणून घालतील, उशीर नको म्हणून. मी त्या माहेराचं म्हणत नव्हते."

"मग कुठलं एम?"

"मिरज," ती म्हणाली. "मी मिरज म्हणत होते. तुमच्याकडं."

जीप फाट्यावर उभी होती. मागनं उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आला, शिव्या घालत बाजूनं गेला. मी डावीकडच्या रस्त्याकडं बघितलं. सरळ, सपाट, दोन्ही अंगांना बाभळी. आणखी थोडं पुढं गेलो असतो तर मी माझ्या हातानं तिला तिच्या बापाच्या ओसरीवर उतरवलं असतं, चहा घेतला असता आणि पुण्य लागलं म्हणून घरी येऊन निजले असते.

"दस्तगीर," मी म्हटलं, "मिरज."

त्यानं आधीच उजवीकडं घेतली होती.

माझ्या घरी माडीवर एक खोली होती. तिथं दोघींना ठेवलं. कान डॉक्टरांनी बघितला. आतला पडदा फाटलेला, म्हणाले, ह्या कानाचं आता धरू नका. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळाचं रक्त तपासता?" तपासलं. रिपोर्ट मी स्वतः तिच्यापुढं छापला. तिनं एकेक आकडा बोट ठेवून वाचला, मग कागद घडी करून पोराच्या दुपट्यात ठेवला. तेव्हा कुठं जेवली.

मी रोज वाट बघत होते. तात्या येतील, धनाजी येईल, चार माणसं घेऊन येतील. दस्तगीर रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी आमच्या दारात जीप लावून बसायचा, उगीचच काचा पुसत. कुणी आलं नाही. तिच्या अण्णांना निरोप पाठवला होता, तेही आले नाहीत.

फोन आला चौथ्या-पाचव्या दिवशी. लॅबमध्ये, सकाळी. वैजू माझ्या टेबलाच्या पलीकडं बसली होती. तिला मी पेशंट चढवायच्या कामाला लावलं होतं, पोर मांडीवर.

"बाई, तात्या बोलतोय. आमचं मशीन कवा चालू हुनार?"

"मशीन चालू आहे की, तात्या."

"चालू हाय, पर चालवनार कोन? धन्याला येत न्हाई. गिऱ्हाईक परत जातंय. तिला कवा धाडताय?"

"ती यायची नाही, तात्या."

मला वाटलं, आता शिव्या येतील. पलीकडं नुसतं पान चघळल्याचा आवाज. मग ते म्हणाले, "आसं हाय काय." आणि थोड्या वेळानं, "मग दुसरी बघाया पायजे."

"दुसरी ऑपरेटर म्हणताय?"

"आपरेटर म्हना, सून म्हना. घरचीच असली म्हंजी बरं पडतं. लगीन झालं की तुमच्याकडं शिकाया धाडतो. तुमी त्येवढं नवं नाव घाला मशीनमदी."

त्यांनी फोन ठेवला. नातीचं नाव निघालं नाही. आजारी आहे का बरी आहे, जगली का मेली, काही नाही.

वैजू पडद्याकडंच बघत होती, पण बोटं थांबली होती. "काय म्हणाले?"

"काही नाही गं. बाळ कसं आहे, विचारत होते."

तिनं मान वळवली. पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला. आणि त्या घरातनं निघाल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू आलं, वाकडं, एका बाजूचं.

"अक्का, मास्तर गाभण होते म्हणा, मी मानेन. हे नका सांगू."

मग मी तिला खरं सांगितलं. शब्दाला शब्द. ती ऐकत होती, मध्ये एकदा पोराचं टोपडं सारखं केलं.

"म्हणजे लग्न करणार," ती म्हणाली.

"करणार."

"तिला शिकवायला इथं धाडतील?"

"धाडतो म्हणाले. पण तुला बघितलं तर कुठले धाडतायत? घरीच बसवतील आणि फोनवर विचारायला लावतील."

तिनं मान परत पडद्याकडं वळवली. पुढचा पेशंट चढवला, नाव, वय, गाव. मग म्हणाली, "आगळवाडीचा फोन आला की तुम्ही नका घेऊ. मला द्या."

फोन यायला उन्हाळा उजाडला. पोर तोवर टेबलाला धरून उभं राहायला लागलं होतं. मी उचलला. पलीकडं अगदी कोवळा आवाज, शाळेत कविता म्हणावी तसा. "मॅडम, मी आगळवाडीवरनं बोलते. मी नवीन आहे."

मागं कुणीतरी खाकरलं.

मी फोन वैजूच्या हातात दिला.